'म्हसोबाचा ओढा' चार ठिकाणी सापडतो, तेव्हा नोंद कशी करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नीरा खोऱ्यातल्या दोन तालुक्यांत लोक जैवविविधता नोंदवहीसाठी (गावातल्या झाडं, प्राणी, पाणवठे यांच्या नोंदीसाठी) ओढे, झरे आणि खुणेच्या जागांची यादी चालू आहे. त्यात 'म्हसोबाचा ओढा' चार वेळा आला आणि नुसता 'म्हसोबा' सात ठिकाणी. शासकीय नकाशा, गावकरी आणि फोनवरचा नकाशा या तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. यांतला खरा म्हसोबाचा ओढा कोणता, बाकीच्यांना एक-दोन-तीन असे क्रमांक द्यावेत का, आणि कालव्याच्या दोन अंगांना दिसणारे दोन ओढे एकच समजायचे की वेगळे, असं विचारलं आहे.

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका दमात देता येतात. चारही खरे आहेत, आणि क्रमांक देऊ नका. 'म्हसोबाचा ओढा ३' असं कोणी म्हणत नाही. उद्या तुमची यादी घेऊन एखादा माणूस गावात गेला, तर त्याला तिसरा कोण दाखवणार? शिवाय पाचवा सापडला आणि तो दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे निघाला, की सगळी यादी हलते. तिसरा प्रश्न मात्र जागेवर गेल्याशिवाय सुटणारा नाही. तो शेवटी घेतो, कारण त्याला लागणारं सगळं आधी सांगावं लागेल.

मुळात अडचण नावांची नाहीच. यादीतल्या एकाच रकान्याकडून तुम्ही दोन कामं करून घेताय: लोक काय म्हणतात ते सांगायचं, आणि जागा कोणती तेही ठरवायचं. पहिलं काम नाव चोख करतं. दुसरं त्याला झेपत नाही, कारण नाव ठेवणाऱ्यांना त्याची गरजच नव्हती. 'म्हसोबाच्या ओढ्याकडं गुरं नेली' असं सांगणाऱ्याला माहीत असतं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसरा ओढा नाही. अशा नावाचा पल्ला शिवेपर्यंत. शीव ओलांडली की तोच शब्द दुसऱ्या पाण्याला लागतो.

त्यात आपल्याकडे ओढ्याला नाव पडायच्या वाटा मोजक्याच. म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड बांधावर, शिवेवर, पाणवठ्यापाशी असायचाच. त्याच्या शेजारून वाहणारं पाणी ते म्हसोबाचं. भैरोबा, मरीआई, वाघजाई यांचंही तसंच. मग मातीचा आणि खडकाचा रंग, काठचं झाड, काठावर चालणारं काम. 'काळा ओढा' म्हटलं की पाणी काळं असेलच असं नाही; काळी म्हणजे पिकाऊ जमीन, तिच्यातून येणारा. 'पांढरीचा ओढा' म्हणजे जुन्या गावठाणाला लागून गेलेला. या जोडीचा अर्थ माहीत नसला तर माणूस पाण्यात पांढरा गाळ शोधत बसतो. सर्वांत फसवी नावं दिशेची आणि गावाची: 'खालचा ओढा', 'पलीकडचा ओढा', 'अमक्या गावचा ओढा'. वरच्या गावात ज्याला खालचा ओढा म्हणतात, त्यालाच खालच्या गावात वरच्या गावाचं नाव असतं, कारण त्यांच्या दृष्टीनं पाणी तिकडून येतं. म्हणजे एका नावाचे अनेक ओढे ही निम्मीच गोष्ट झाली. एका ओढ्याची अनेक नावं ही उरलेली निम्मी, आणि याद्या जास्त बिघडतात त्या हिच्यामुळे. पहिली चूक डोळ्यांना दिसते. दुसरीत एकच ओढा तीन नावांनी तीनदा मोजला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

हे फक्त ओढ्यांचं आहे असं समजू नका. पुण्याची मुळा वेगळी, आणि हरिश्चंद्रगडाच्या बाजूनं निघून राहुरीजवळच्या धरणात अडणारी, पुढे प्रवरेला मिळणारी मुळा वेगळी. महाबळेश्वराहून उतरून संगम माहुलीला कृष्णेत जाणारी वेण्णा, आणि हिंगणघाटावरून जाऊन वर्धेला मिळणारी वेणा. भोगावती कोल्हापुरात पंचगंगेच्या पाचांतली एक आहे, आणि दुसरी सीनेला मिळते. पूर्णा तर तीन: विदर्भातली चांगदेवला तापीत जाते, मराठवाड्यातली येलदरी-सिद्धेश्वर धरणांवरून गोदावरीत, आणि तिसरी डांगातून नवसारीकडे थेट समुद्राला. गोदाकाठी तर लोक गोदावरीला सरळ 'गंगा' म्हणतात, तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी. तिथं 'गंगेवर गेलो होतो' म्हणणाऱ्याला कोणी काशीचा प्रसाद मागत नाही.

आता या नद्या आपण वेगळ्या कशा सांगितल्या ते वरच्या परिच्छेदातच पाहा. 'प्रवरेला मिळणारी', 'वर्धेला मिळणारी', 'सीनेला मिळणारी'. ओढ्यालाही हेच लावायचं. ओढ्याची ओळख त्याच्या मुखावरून, म्हणजे तो ज्या जागी दुसऱ्या पाण्याला मिळतो तिथून ठरवा. उगम धरू नका. उगम अनेक असतात: पावसाळ्यात चार ओघळी एकत्र येऊन ओढा होतो आणि त्यांतली खरी कोणती यावर गावात दोन मतं असतात. मुख एकच असतं. ते जमिनीवर दाखवता येतं, नकाशावर सापडतं, आणि जिल्ह्याचं किंवा तालुक्याचं नाव बदललं तरी जागेवर राहतं. पालघर २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. नुसत्या जिल्ह्याच्या नावावर बेतलेल्या जुन्या याद्या तेवढ्यानं शिळ्या झाल्या.

मुखाची नोंद करताना चार गोष्टी लागतात: कोणत्या पाण्याला मिळतो, कोणत्या तीराला मिळतो, कोणत्या गावाच्या शिवारात मिळतो, आणि अक्षांश-रेखांश. तीर ठरवताना पाणी जिकडं जातं तिकडं तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताचा तो डावा तीर. उगमाकडे तोंड करून उभं राहिलेला माणूस नेमकं उलटं लिहितो, आणि ही चूक नंतर कागदावर पकडता येत नाही. गावाचं नाव पूर्ण लिहा. बुद्रुक आणि खुर्द हे शेपूट नव्हे, नावाचाच भाग आहे. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत, शेजारी असली तरी. नावासोबत जनगणनेचा सहा आकडी गाव-संकेतांक टाकला की पिंपळगाव-वडगावांच्या गर्दीतला गोंधळ तिथंच संपतो.

अक्षांश-रेखांशाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण एका नावाच्या जागा एकमेकींत मिसळतात त्या बहुतेक इथंच. दशांश पद्धतीनं पाच स्थळांपर्यंत लिहा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, चौथं म्हणजे अकरा मीटर. फोनची अचूकता उघड्यावर पाच-दहा मीटरची असते आणि खोल घळीत किंवा दाट झाडीखाली ती आणखी ढासळते, त्यामुळे सहावं-सातवं स्थळ लिहून काही मिळत नाही. अंश-मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ ही सर्वांत महागडी चूक. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, कोणी ते १८.३० असं उतरवलं, की जागा बावीस किलोमीटर दक्षिणेला सरकते. आणि तिथंही एखादा म्हसोबाचा ओढा असतोच, त्यामुळे चूक चूक वाटतच नाही. आकड्यांची अदलाबदल ओळखायला सोपी युक्ती अशी: महाराष्ट्रात अक्षांश १५ ते २२ च्या आसपास आणि रेखांश ७२ ते ८१ च्या दरम्यान येतो. मोठा आकडा आधी आला असेल तर जोडी उलटी पडली आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे हाताशी असतील तर आणखी एक खाच लक्षात ठेवा. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा एक ठरावीक आकार आधार म्हणून धरतात. ते नकाशे एव्हरेस्टच्या जुन्या आधारावर काढलेले आहेत, फोन डब्ल्यूजीएस ८४ या नव्या आधारावर चालतो. तोच आकडा दोन्हींत टाकला तर आपल्या भागात जागा शंभर-सव्वाशे मीटर सरकते. मोठ्या नदीला त्यानं फरक पडत नाही, पण दोन ओढे दोनशे मीटरवर शेजारी वाहत असतील तर मधेच तिसरा ओढा 'सापडतो'. नव्या खुल्या मालिकेच्या नकाशांत ही अडचण नाही, ते डब्ल्यूजीएस ८४ वरच आहेत.

नकाशावर ओढा शोधायचा तो मुखाकडून वर. १:५०,००० च्या नकाशात समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) उंचीच्या वीस मीटरच्या अंतरानं असतात. रेषा जिथं व्हीसारखी मुडपते आणि तिचं टोक चढाकडे जातं, तिथं पाण्याची वाट. टोक उताराकडे असेल तर ती डोंगराची सोंड, तिथं ओढा नसतो. याच नकाशात वाहतं पाणी निळं आणि कोरडं पात्र काळं दाखवतात. नवख्या माणसाला ती काळी रेघ पायवाट वाटते आणि निम्मे ओढे यादीतून गळतात. वर जाताना प्रत्येक फाट्यावर प्रश्न येतो: मुख्य ओढा कोणता, मिळणारा कोणता? माझा क्रम असा: दोन्ही गावांत एका फाट्याला ओढ्याचंच नाव असेल तर तो मुख्य. नावावरून ठरत नसेल तर जास्त लांबीचा. लांबीत फारसा फरक नसेल तर ज्याचं पाणलोट मोठं तो. कोणता नियम लावला ते नोंदीत एका ओळीत लिहा, म्हणजे पुढच्याला वाद घालायचा असेल तर तो मुद्द्यावर घालता येईल.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेनं पाणलोटांना दिलेले संकेतांक मिळाले तर तेही जोडा. त्यांत भीमेच्या बाजूचे बीएम, गोदावरीचे जीव्ही, कृष्णेचे केआर अशी आद्याक्षरं असतात. एका संकेतांकात अनेक ओढे येतात, त्यामुळे ओढा ओळखायला तो पुरत नाही. पण दोन म्हसोबाचे ओढे वेगवेगळ्या पाणलोटांतले निघाले तर ते एक नाहीत हे लगेच कळतं.

मग नावं गोळा करायची. विचारण्याची पद्धत चुकली की उत्तर चुकतं. 'याला म्हसोबाचा ओढा म्हणतात ना?' असं विचारलं की समोरचा भिडेखातर 'व्हय' म्हणतो. 'हा कोणता ओढा?' एवढंच विचारा आणि थांबा. एकाच माणसाला पुलावर उभं करून विचारू नका. पुलावरच्याला रस्त्याचं नाव येतं. दोन्ही तीरांवर, वर आणि खाली, किमान चार ठिकाणी विचारा. शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि काठची जमीन कसणारे यांना डोहांची, वळणांची वेगळी नावंसुद्धा माहीत असतात. ओढ्याचं नाव विचारलं आणि उत्तर डोहाचं आलं, असं सर्रास होतं. एक ओढा वरच्या टप्प्यात एका नावानं आणि खालच्या टप्प्यात दुसऱ्या नावानं ओळखला जात असेल, तर कोणत्या जागेपासून नाव बदलतं तेही लिहा: अमका बंधारा, तमका फाटा. दोन्ही नावं ठेवा, एकाला बाद करू नका.

ऐकलं तसं देवनागरीत लिहा. 'वढा' म्हणाले तर उच्चाराच्या रकान्यात 'वढा', नावाच्या रकान्यात 'ओढा'. कोकणात 'वहाळ' किंवा 'पऱ्या' म्हणत असतील तर ओढा करू नका, विदर्भात 'नाला' असेल तर नालाच राहू द्या. तो शब्द नावाचाच भाग आहे. रोमन लिपीतून उलट देवनागरीत आणलेली नावं मात्र पुन्हा तपासल्याशिवाय घेऊ नका. रोमनमध्ये ल आणि ळ, न आणि ण एकच होतात. 'माळ' आणि 'माल', 'वाण' आणि 'वान' यांतलं खरं कोणतं हे त्या अक्षरांतून कळत नाही. अकोल्याकडची पूर्णेला मिळणारी वाण आणि परळीकडची गोदावरी खोऱ्यातली वाण, दोन्ही कागदोपत्री कधी 'वान' तर कधी 'वन' होऊन बसतात. शिवाय संगणकावर 'पऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, शोधात मात्र एकमेकांना सापडत नाहीत. यादीवर काम करणाऱ्या सगळ्यांनी एकच कळफलक वापरायचा असं पहिल्या दिवशी ठरवलेलं बरं.

काही ओढ्यांच्या आणि वस्त्यांच्या जुन्या नावांत जातीचा उल्लेख असतो. वस्त्यांची अशी नावं बदलायचा निर्णय राज्य शासनानं २०२० साली घेतला. ओढ्याच्या नोंदीतही त्या वस्तीतले लोक स्वतः काय म्हणतात ते मुख्य नाव धरा आणि जुनं नाव 'पूर्वीच्या कागदांतलं' म्हणून वेगळ्या रकान्यात ठेवा. तो रकाना पुसू मात्र नका, नाहीतर जुना फेरफार आणि आजचा ओढा यांचा धागा तुटतो.

नोंद कशी दिसावी याचा एक नमुना देतो. नावं आणि आकडे कल्पित आहेत, मांडणी तेवढी पाहा.

नाव: म्हसोबाचा ओढा. इतर नावं: खालचा ओढा (वरच्या गावात), मोरीचा ओढा (डाव्या तीरावरची वस्ती). मुख: नीरा नदीच्या डाव्या तीराला, अमुक बुद्रुकच्या शिवारात, गट नंबर २१४ च्या दक्षिण बांधाला, १८.०९१२४, ७४.३१०५६. मुख्य फाटा: लांबीवरून ठरवला. लांबी: ६.४ किमी, १:५०,००० नकाशावरून. पाणी: जानेवारीपर्यंत, कालव्याखाली बारमाही. नाव कोणी सांगितलं: चार ठिकाणी विचारलं, तिघांकडून हेच. नोंदीची तारीख.

बोलताना किंवा अहवालात एवढं सगळं लिहायची गरज नाही. तिथं 'अमुक बुद्रुकचा म्हसोबाचा ओढा' पुरतं. पण ही जोड वर्णनात ठेवा, नावाच्या रकान्यात ठेवू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर (कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या नकाशावर) चढवणार असाल तर तिथंही नावाच्या जागी फक्त 'म्हसोबाचा ओढा', दुसरी नावं पर्यायी नावाच्या जागी, आणि रेघ ओढताना सुरुवात उगमाकडून. त्या नकाशात रेघेची दिशा हीच प्रवाहाची दिशा धरली जाते, उलटी काढली तर ओढा डोंगर चढतो.

आता सात म्हसोबा. खुणेच्या जागांना मुख नसतं, म्हणून तिथं आधार जागेचाच: गट नंबर, अक्षांश-रेखांश आणि जवळची न हलणारी एखादी गोष्ट. गिर्यारोहकांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे, त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. भैरवगड नावाचे किल्ले सह्याद्रीत अनेक, म्हणून ते 'मोरोशीचा भैरवगड', 'शिरपुंज्याचा भैरवगड', 'कोथळ्याचा भैरवगड' असं पायथ्याच्या गावासकट बोलतात. यातली मेख अशी की शिरपुंजे आणि कोथळे दोन्ही अकोले तालुक्यात आहेत. 'अकोल्याचा भैरवगड' म्हटलं असतं तर गोंधळ तसाच राहिला असता, वर अकोला जिल्ह्याचाही घोळ झाला असता. म्हणून जोड लावायची ती सर्वांत लहान वस्तीची, जिच्यात ते नाव एकदाच येतं. गावात दोन म्हसोबा असतील तर वाडीपर्यंत उतरा, वाडीतही दोन असतील तर गट नंबरापर्यंत.

खुणेच्या जागेचा दुसरा स्वभाव म्हणजे ती हलते. रस्ता रुंद झाला की म्हसोबाचा दगड दहा-पन्नास मीटर सरकवून नव्या ओट्यावर बसवतात, आणि ओढ्याचं नाव मात्र जुन्याच जागेला चिकटून राहतं. वडाच्या नावाचा फाटा असतो, वड नसतो. मैलाचा दगड उखडला जातो, मैलाचं नाव उरतं. म्हणून खुणेच्या नोंदीला तारीख लागतेच, आणि 'खूण आज जागेवर आहे का' हा वेगळा रकाना. फोटो काढताना फोनला जागा पकडायला अर्धा-एक मिनिट द्या. खिशातून काढल्या काढल्या टिपलेल्या फोटोवर पुष्कळदा मागच्या थांब्याची जागा नोंदलेली असते. एका दिवसात तीन म्हसोबा पाहिले, तर तिन्हींचे फोटो असे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या दोन-तीन गोष्टी. मुख जलाशयात बुडालेलं असेल, उजनीच्या फुगवट्यात अनेकांची तशी बुडाली आहेत, तर आजचं मुख म्हणून पूर्ण साठ्याच्या पातळीवरची जागा लिहा आणि मूळ संगम जुन्या नकाशावरून वेगळा लिहा. उन्हाळ्यात दोन्हींमध्ये किलोमीटरभर गाळ उघडा पडू शकतो. ओढा शेतात पसरून नाहीसा होत असेल, लवणासारखा (उथळ सखल पट्ट्यासारखा), तर त्याला मुख नाही असंच लिहा, ओढून-ताणून नदीपर्यंत रेघ नेऊ नका. कोकणातल्या पऱ्याचं मुख खाडीत असेल तर भरतीच्या वेळी ते आत सरकलेलं दिसतं. ओहोटीला पाहिलेली जागा धरा. आणि खोलीकरणात ओढा सरळ केला असेल तर गाव नकाशातली जुनी वळणं आणि आजचं पात्र जुळणार नाही. हद्दीसाठी गाव नकाशा, पाण्यासाठी आजचं पात्र.

राहिला कालवा. तुमचं वर्णन असं: कालव्याच्या वरच्या अंगाला कोरडा ओढा कालव्यापाशी येऊन संपतो, खालच्या अंगाला साधारण सातशे मीटर पुढे सरकून दुसरा सुरू होतो आणि त्यात बारा महिने पाणी असतं. दोन्हींना म्हसोबाचंच नाव. उपग्रहचित्रात मधे काही दिसत नाही.

कालवा उताराला आडवा जातो, ओढे उतारानं येतात. त्यामुळे प्रत्येक ओढ्याला कालवा ओलांडायला वाट द्यावीच लागते: कालव्याखालून मोरी किंवा ओढा मोठा असेल तर कालवाच जलसेतूवरून, कुठं सायफन (एक पाणी दुसऱ्याच्या खालून नेणारी बंद वाट), कुठं ओढा वरून नेणारा सुपर पॅसेज. प्रत्येक लहान ओघळीसाठी असं बांधकाम परवडत नाही. म्हणून वरच्या अंगाला भरावाच्या पायथ्याशी चर खणून दोन-तीन ओघळी एकत्र करतात आणि एकाच मोरीतून खाली सोडतात. चर अरुंद आणि झुडपांनी भरलेला, म्हणून चित्रात दिसत नाही. खालचं बारमाही पाणी हे बहुतेक कालव्याचा पाझर असतं. ओढ्याचं स्वतःचं पाणी वरच्यासारखंच हंगामी. उंचीच्या आकडेवारीवरून संगणकानं काढलेल्या रेघांवर इथं अजिबात विसंबू नका. संगणकाला भराव दिसतो, मोरी दिसत नाही, त्यामुळे तो पाणी कालव्याच्या कडेनं भलतीकडेच नेतो.

तेव्हा करायचं असं. वरचा ओढा जिथं कालव्याला टेकतो तिथून भरावाच्या वरच्या पायथ्यानं उताराच्या दिशेला चालत जा. चर आहे का आणि तो कुठल्या मोरीशी पोचतो ते पाहा. मोरीच्या दगडी किंवा काँक्रीटच्या तोंडावर किंवा जवळच्या खांबावर साखळी क्रमांक, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराचा आकडा, असतो. तो टिपून घ्या, कालव्यावरचं प्रत्येक बांधकाम पाटबंधारे खात्याच्या कागदांत त्याच क्रमांकानं सापडतं आणि कोणत्या ओढ्यासाठी ते बांधलं हेही तिथं लिहिलेलं असू शकतं. मग भराव ओलांडून मोरीच्या खालच्या तोंडापासून पात्र धरून चाला. ते तुमच्या खालच्या ओढ्यात गेलं तर दोन्ही एकच: एक नाव, एक मुख, आणि 'कालव्यापाशी चरानं सातशे मीटर वळवलेला' अशी टीप. त्याच मोरीत दुसरा एखादा ओढाही येत असेल, तर तो आता याचा फाटा झाला आणि त्याची नोंद तशी बदलावी लागेल.

वरच्या ओढ्याची स्वतःची मोरी समोरच निघाली आणि तिच्याखालचं पात्र वेगळ्या मुखाला गेलं, तर ते दोन वेगळे. मोरी गाळानं बुजलेली असेल तर कोरड्या दिवसांत यातलं काहीच पक्कं सांगता येणार नाही. तेव्हा पावसाळ्यात एका जोरदार सरीनंतर तासाभरात वरच्या तोंडाशी उभं राहा आणि पाणी कुठं तुंबतं, कुठून निसटतं ते बघा. तोवर दोन्ही नोंदी वेगळ्या ठेवून 'तपासायचं आहे' असा शेरा मारा. वेगळ्या नोंदी नंतर एक करणं पाच मिनिटांचं काम आहे. घाईनं एक केलेल्या नोंदी पुन्हा सोडवायच्या म्हणजे कोणता फोटो आणि कोणता मासा कोणत्या ओढ्यातला, इथपासून सुरुवात.